रस्ता कसा होता?

ग्लिनने मला आयुष्यात पहिल्यांदा फोन केला तो फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, सकाळी साडेदहाला, आणि पहिलं वाक्य बोलला ते रस्त्याबद्दल. "पुलापर्यंत कोरडा आहे. चॅपलपाशी सावलीत थोडा बर्फ धरलाय, पण मीठ टाकलंय. तू सावकाश ये." (तो अर्थातच इंग्रजीत बोलला. त्याचं वेल्श वळणाचं इंग्रजी मी मराठीत आणतोय, तेवढं चालवून घ्या.) मी ब्रॅकनेलच्या ऑफिसात, एका हातात कॉफी, समोर बिघडलेला कॉम्प्युटर. कोण बोलतंय हेसुद्धा धड कळलं नव्हतं. मग पलीकडून एक मोठा श्वास ऐकू आला... आणि तो म्हणाला, "ती गेली, मिलिंद." वेल्समधल्या एका दरीतल्या निवृत्त पोस्टमनने मृत्यूच्या बातमीआधी रस्त्याची बातमी द्यावी, यातच कोण गेलं ते आलं होतं. असं बोलायला तिनेच त्याला शिकवलं होतं. आधी रस्ता, मग बाकीचं. कारण बातमी ऐकून माणूस घाईने निघतो आणि घाईने निघालेला माणूस पोचतोच असं नाही.

मंदामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. माझ्या आईची कऱ्हाडच्या शाळेतली एका बाकावरची मैत्रीण, म्हणून मावशी. तिचे यजमान, आमचे डॉक्टरकाका, त्या दरीतले एकुलते एक जीपी. गावाचं नाव कुम हेलिग. मावशीने पहिल्याच आठवड्यात त्याचं 'हेळगाव' करून टाकलं आणि कऱ्हाडला पत्रं लिहिताना वर तेच लिहू लागली. त्यामुळे आपली मुलगी विलायतेला गेली की कऱ्हाडजवळच्या हेळगावला, असा प्रश्न मावशीच्या आईला बरेच दिवस पडला होता. दवाखाना घरातच, पुढच्या खोलीत. स्वयंपाकघर आणि दवाखाना यांच्यामध्ये एक दार, त्या दाराशी एक स्टूल, स्टुलावर काळा टेलिफोन आणि टेलिफोनशी मावशी. पेशंटचा फोन घेणं, अपॉइंटमेंट देणं, म्हाताऱ्यांना रागावणं, सगळं तिच्याकडे. काका फोनला हात लावत नसत. मी त्यांना तो उचलताना कधीच पाहिलं नाही. ते मुळात बोलायचेच कमी. पेशंट बोलायचे, मावशी बोलायची, काका औषध लिहायचे.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तो त्र्याऐंशीच्या डिसेंबरात. पुण्याहून येऊन तीन महिने झालेले, पायात लक्ष्मी रोडवर घेतलेले चकचकीत बूट. बसमधून उतरलो, रविवारची सकाळ, चॅपल नुकतंच सुटलेलं, शे-दीडशे माणसं काळ्या कोटांत उभी. म्हटलं, जरा रुबाबात चालावं. रस्ता छान काळाभोर, ओलसर, स्वच्छ. दुसऱ्या पावलाला मी आकाशाकडे पाहत होतो. सुटकेस माझ्याआधी उतारावरून मावशीच्या घराकडे निघाली होती आणि खरं सांगतो, माझ्याआधी ती तिथे पोचलीही. दार उघडून मावशी बाहेर आली. तिने सुटकेसकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे पाहिलं, आणि 'ये', 'कसा आहेस', 'आई कशी आहे' यातलं काहीही न म्हणता ओरडून विचारलं, "रस्ता कसा होता?"

हा प्रश्न ती प्रत्येकाला विचारायची. एजवेअरहून कुणी महाराष्ट्र मंडळाची मंडळी आली, एडिनबराहून तिची भाची आली, दारात पाऊल पडायच्या आत, "रस्ता कसा होता?" लोकांना वाटे, ही हवापाण्याच्या गप्पा मारते आहे. तिला मात्र उत्तर हवं असे. कुठे ओला, कुठे कोरडा, पुलावर काय, झाडीखाली काय. ही सवय तिला लागली ती संक्रांतीच्या एका सकाळी. मी तेव्हा तिथे नव्हतो, पण ही गोष्ट मी इतक्या वेळा रंगवून सांगितली आहे की आता मला मी तिथेच होतो असं वाटतं.

त्या दरीतल्या बायका आपापल्या घराची दगडी पायरी घासून पुसून लख्ख ठेवत. मावशी तिथे राहायला गेली ती उन्हाळ्यात, आणि हे पाहून तिला भरून आलं. म्हणजे इथेही सडा घालतात तर! मग जानेवारीत संक्रांत आली. सकाळी सातला उठून तिने तांब्याभर कोमट पाणी घेतलं, पायरीवर आणि खालच्या फरशीवर छान सडा शिंपडला आणि मधोमध उसाच्या कांड्यांची रांगोळी काढली. शेजारच्या बायका पायरी घासत, पण थंडीत एक थेंब पाणी बाहेर टाकत नसत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी का? हे सांगायचं असतं हे त्यांना कुठे माहीत! आठ वाजता ग्लिन टपाल घेऊन आला. पायरीवर पांढरं काहीतरी सुंदर काढलेलं दिसलं. बाईंच्या धर्माचं असावं, तुडवू नये, म्हणून हा सभ्य माणूस अदबीने बाजूला वळला. नेमका त्या बाजूच्या काचेसारख्या गोठलेल्या सड्यावर. मावशी धावत बाहेर आली तेव्हा तो फरशीवर उताणा, अंगावर गावाची सगळी पत्रं, आणि म्हणत होता, "मॉर्निंग, मिसेस डॉक्टर. तुमचं चित्र शाबूत आहे."

उजवं मनगट मोडलं होतं. इथपर्यंत सांगून मी नेहमी थांबत असे, कारण इथपर्यंत लोक हसतात. पण ग्लिन चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्या वर्षीचा ईस्टर ऑर्गनशिवाय गेला, आणि नंतर प्लास्टर निघालं तरी मनगट पूर्वीसारखं फिरेना. सोपी गाणी तो वाजवी, अवघड सोडून देई. त्याने एका शब्दाने कधी दोष दिला नाही. उलट हीच गोष्ट पबमध्ये माझ्याहून झकास रंगवायचा. मावशी मात्र ती ऐकताना उठून आत जायची.

हात गळ्यात बांधून ग्लिन तीन महिने घरी होता, तेव्हा मावशी रोज त्याला बोलावून चहा आणि गरम कांदाभजी द्यायची आणि त्याच्याकडून बर्फ शिकायची. बावीस वर्षं तो रस्ता पायी तुडवलेला माणूस. त्याने तिला सांगितलं की दरीत थंड हवा पाण्यासारखी खाली उतरून साचते, म्हणून वर डोंगरावर ऊन असताना खाली रस्ता गोठलेला असतो. पुलाखालून वारा जातो, म्हणून पूल सगळ्यांत आधी धरतो. आणि पांढऱ्याला भिऊ नये, न दिसणाऱ्याला भ्यावं. मावशीने हे ज्ञान मला तिच्या भाषेत दिलं. "मिल्या, पांढरा बर्फ म्हणजे भांडखोर सासू. दिसते, ऐकू येते, आपण जपून वागतो. काळा बर्फ म्हणजे गोड बोलणारी नणंद. समोर काहीच नसतं रे, आणि आपण पडलेलो असतो."

"आणि पाऊस पडता पडता गोठतो तो?"

"तो जावई," मावशी म्हणाली. "त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही."

मग तिने तिचं आकाशवाणी केंद्र सुरू केलं. नोव्हेंबर ते मार्च, रोज सकाळी साडेसातला, दरीच्या रस्त्यावरच्या पाच घरांना ती खालून वर क्रमाने फोन करी. पुलाजवळ ग्लिन, मग चॅपलशेजारचं घर, मग जुनी शाळा, मग ओढ्याच्या वळणावरचं कॉटेज आणि सगळ्यांत वर, रस्ता जिथे संपतो तिथे मिसेस बेव्हनचं मेंढ्यांचं फार्म. प्रत्येकाला प्रश्न ठरलेले. दोरीवरचा टॉवेल कडक झालाय का? मगभर पाणी फाटकाबाहेर टाका, पाच मिनिटांनी बोटाने बघून सांगा. मांजर कशी चालतेय? ही पाच बुलेटिनं ती एका चिठ्ठीवर लिहायची आणि चिठ्ठी काकांच्या कोटाला टाचणीने लावायची, बालवाडीतल्या मुलाला लावावी तशी. काका घरभेटींना निघाले की गाडी ज्या घरावरून जाई त्या घराने दवाखान्यात फोन करून तीन रिंग द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. मावशी उचलायची नाही. तीन रिंग म्हणजे, डॉक्टर इथून पुढे गेले. ज्याला खरोखर बोलायचं असेल त्याने वाजू द्यायचा, चौथ्या रिंगला ती उचलेल. अख्ख्या दरीला हा नियम पाठ होता. आम्हा लांबच्या लोकांनाही तोच कायदा लागू. घरी पोचल्यावर तीन रिंग. एकदा मी ब्रॅकनेलला पोचून द्यायला विसरलो, तर बाईने दोन परगण्यांच्या पोलिसांना माझ्या गाडीचा रंग कळवला होता.

मी हसायचो. सगळेच हसायचे. काका तर चिठ्ठी वाचायचेसुद्धा नाहीत अशी माझी खात्री होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. नाताळनंतरचा आठवडा, मी तिथेच मुक्कामाला. दुपारी दोनला फोन चार वेळा वाजला. मिसेस बेव्हन. नवऱ्याच्या छातीत दुखत होतं, अँब्युलन्सला बोलावलं होतं पण ती डोंगरापलीकडून यायची, वेळ लागणार. काकांनी बॅग उचलली. बाहेर अगदी मंद पाऊस सुरू झाला होता. मी खिडकीतून बघून तज्ज्ञाच्या आवाजात म्हणालो, "पाऊसच आहे, मावशी. बर्फ नाही." मावशीने कपडे वाळत घालायच्या तारेकडे बोट दाखवलं. तारेला थेंब लटकले होते... आणि पडत नव्हते. एकही पडत नव्हता. बघता बघता तारेवर काचेची नळी चढत होती.

"जावई आला," ती म्हणाली.

काकांना थांब म्हणणं शक्य नव्हतं आणि ती म्हणालीही नाही. तिने कपाटातून जुने लोकरी मोजे काढून त्यांच्या खिशात कोंबले. "उतरावं लागलं तर बुटांवरून चढवायचे. आत नाही, वरून. लोकर घसरू देत नाही." काका म्हणाले, "येतो गं," आणि गेले.

तीन रिंग. पूल. मावशीने कणीक मळायला घेतली. तीन रिंग. चॅपल. बाहेर झाडाची एक फांदी कडाडकन मोडली, काचेचं कपाट पडल्यासारखी. बऱ्याच वेळाने तीन रिंग. शाळा. मग कणीक मळून झाली, आणि पुन्हा मळून झाली, आणि फोन गप्प. शाळेपासून वळणावरच्या कॉटेजपर्यंत गाडीने चार मिनिटं. दहा झाली. पंधरा झाली. मी म्हणालो, तारच तुटली असेल, उचलून बघू का? "हात लावू नकोस, लाईन मोकळी राहू दे." मी म्हणालो, मग मी जातो. माझ्याकडे आता चांगले बूट होते. ती माझ्याकडे वळली. तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं आणि आवाज अगदी शांत होता.

"तू बस. तू गेलास तर मला दोघांना मोजावं लागेल."

मग तिनेच फोन उचलला. कॉटेजला विचारलं, गाडी आली? नाही. शाळेला विचारलं, नक्की गेली? हो, केव्हाच. म्हणजे काका या दोन घरांच्या मध्ये कुठेतरी होते, आणि ते मधलं वळण ओढ्याच्या अगदी काठावर होतं. मला वाटलं, आता ही रडेल. तिने पाची घरांना फोन लावले. कुणीही गाडी काढायची नाही. प्रत्येकाने शेगडीतली राख बादलीत घ्यायची, बुटांवर मोजे चढवायचे आणि राख पुढे टाकत टाकत चालायचं. शाळेने वर जायचं, कॉटेजने खाली यायचं. सगळ्यांच्या घरी कोळशाच्या शेगड्या, राखेला तोटा नव्हता. आणि ग्लिन, साठीला टेकलेला ग्लिन, काही न सांगता पुलापासून निघाला होताच. त्याचं मनगट सकाळपासूनच ठणकत होतं म्हणे.

त्यांना गाडी मिळाली. वळणावरच्या दगडी भिंतीला टेकून उभी होती, ओढ्याच्या अलीकडे दोन हातांवर. गाडीत काका नव्हते. बॅगही नव्हती. ग्लिनने शाळेतून फोन करून हे सांगितलं तेव्हा मावशी फक्त "थँक यू" म्हणाली आणि रिसीव्हर अलगद ठेवला, जसं काही तो काचेचा होता.

आम्ही बसून राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. ओट्यावर कणीक सुकत होती...

फोन वाजला. एक. दोन. तीन. आणि थांबला. मावशी जागची हलली नाही. पुन्हा वाजला. एक, दोन, तीन, थांबला. पाठोपाठ दोनदा दिलेली ती तीन रिंगांची सही मिसेस बेव्हनचीच, कारण तिचा यंत्रावर विश्वास नव्हता आणि ती सगळं दोनदा करायची. काका रस्ता सोडून मागच्या कुरणातून, गवताला धरून, कॉटेजला वळसा घालून, बुटांवरून मोजे चढवून फार्मवर पोचले होते. मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "मिल्या, चहा टाक," आणि ओट्याला टेकून हळूहळू खाली फरशीवर बसली. पिठाचे हात तसेच मांडीवर. चहा उकळून आटला तरी ती उठली नाही, आणि मीही गॅस बंद केला नाही.

संध्याकाळी काका आले, ग्लिनबरोबर, पायी. दिवसाचा शेवटचा उजेड होता आणि सगळी दरी काचेच्या दुकानासारखी लखलखत होती. त्या झगमगाटातून एकच मळका, काळपट पट्टा वरून खाली आला होता, पाच घरांच्या राखेचा, आणि त्यावरून दोन म्हातारे एकमेकांचा हात धरून चालत होते. मावशी दारात उभी. तिने काकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"रस्ता कसा होता?"

काकांनी थोडा विचार केला. "गुळगुळीत," ते म्हणाले.

त्यांनी त्या दिवसाबद्दल मला नंतर एवढंच सांगितलं की वळणावर चाकांचा आवाज एकदम बंद झाला, रस्ता जणू बोलायचा थांबला, तेव्हा त्यांनी पायडलवरून पाय उचलला आणि काहीच केलं नाही. ब्रेक नाही, स्टिअरिंगला हिसका नाही. मावशी म्हणायची, काहीच न करण्याचा तीस वर्षांचा सराव अखेर कामाला आला. आणि कोटाची चिठ्ठी? ती त्यांच्या हातात होती. वळणाच्या पुढे तिने लिहिलं होतं, 'इथे जमलं नाही तर कुरणातून.' म्हातारा बेव्हन बरा झाला आणि पुढे कित्येक वर्षं मेंढ्यांवर ओरडत राहिला.

नव्वदनंतर काका निवृत्त झाले, दवाखाना खाली मोठ्या गावात गेला. मावशीचं केंद्र बंद झालं नाही. नव्या तरुण डॉक्टरला ती रोज रस्ता कळवायची आणि तो बिचारा ऐकून घ्यायचा. एकदा त्याने ऐकलं नाही आणि पुलावर गाडीसकट गोल फिरला, त्यानंतर तोच साडेसातला फोन करू लागला. पायरीवर तिने पुन्हा कधी पाणी घातलं नाही. कौन्सिलने बर्फ वितळवायला रस्त्याकडेच्या पिवळ्या पेटीत ठेवलेलं जाडं, तांबूस मीठ ती रांगोळीच्या डब्यात भरून ठेवी आणि सकाळी त्याच मिठाची रांगोळी काढी. कऱ्हाडहून तिच्या आईचं पत्र आलं, दारात मीठ सांडू नये, अशुभ असतं. मावशीने उत्तर पाठवलं, इथे न सांडणं अशुभ असतं. पायरीवर पांढरं दव गोठलेलं असायचं, आणि मिठाखालचं तेवढं वितळून दगडाची काळी रेघ उघडी पडायची. ठिपके, कमळ, उसाची कांडी, सगळं हळूहळू काळ्या रंगात उमटायचं. माझी मुलगी तिथे गेली की नाइटीतच दारात उकिडवी बसून ते बघत राहायची. तिला तीन रिंगांचं कोडं होतं. "बाबा, पण तू बोलत का नाही? मावशीआजी तिथेच आहे ना, जवळ फोनच्या?" मी सांगायचो, ती ऐकते आहे, ते पुरे.

त्या सोमवारी मी सावकाश गेलो. काय घडलं ते तिथे कळलं. मावशीने नेहमीसारखा साडेसातला पहिला फोन केला. पूल, चॅपल, शाळा, कॉटेज. पण वरच्या फार्मला त्या सकाळी फोन आलाच नाही. मिसेस बेव्हन आता ऐंशीच्या पुढची. दहा मिनिटं वाट पाहून तिने कॉटेजला विचारलं, तुमच्याकडे आला? आला. मग तिने पुलाला फोन केला. ग्लिन काही न विचारता मोजे चढवून निघाला. काका वर अंघोळ करत होते, त्यांना कमी ऐकू येतं. मावशी स्टुलाशेजारच्या खुर्चीत होती, चिठ्ठीवर चार घरं लिहिलेली, पाचव्याची जागा मोकळी.

अंत्यविधीआधी चॅपलमध्ये प्रार्थना झाली, निम्मी दरी आली. ग्लिनने ऑर्गन वाजवला. सोपं नव्हतं ते, मला त्यातलं काही कळत नाही पण त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. निघायच्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर हा पायरीशी गुडघे टेकून बसलेला, शेजारी रांगोळीचा डबा. न वळणाऱ्या मनगटाने चिमूट सुटत नव्हती, मिठाचे ढीग पडत होते. "ती हे कसं करायची?" मला म्हणाला. मी सांगितलं, अंगठ्याने सोडायचं. आम्ही दोघांनी मिळून जे काही काढलं त्याला मावशीने नक्की नावं ठेवली असती.

काका दारात आले नाहीत. ते स्वयंपाकघरात बसून होते. मी पाया पडलो, त्यांनी पाठीवर हात ठेवला, बस्स.

ब्रॅकनेलला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. कोट न काढताच मी फोनपाशी गेलो आणि नंबर फिरवून झाल्यावर लक्षात आलं, की आता हे कुणासाठी? तरी ठेववेना. वाजू दिला. एक. माझ्या डोळ्यांपुढे ते स्टूल आलं, दवाखान्याचं दार, ओटा. दोन. तिसऱ्याला ठेवायचा म्हणून मी रिसीव्हर कानापासून दूर नेला, आणि पलीकडे कुणीतरी खडखडाट करत, उलटसुलट धरत, फोन उचलला. नियम मोडून. चौथ्या रिंगची वाट न पाहता.

 मग काकांचा आवाज.

"मिलिंद?... रस्ता कसा होता?"

मी सांगायला लागलो. पुलावर कोरडा, चॅपलपाशी ओला पण धरलेला नाही, मोटरवेवर थोडं धुकं.  पलीकडे कागदावर पेन्सिल सरकल्याचा आवाज तेवढा येत होता.